विश्लेषण : रोजच्या रीलपेक्षा आठवड्याचे दोन तास बरे! शहापूर-मुरबाडच्या छोट्या धंद्यांना टिकणारे ‘कंटेंट’ का हवे?

शेतघर सुरू झाले, की इन्स्टाग्रामवर पान उघडायचे. पहिल्या पावसात धुके, भाताची खाचरे, चुलीवरची भाकरी अशा वीस-पंचवीस रील टाकायच्या. आवणी सुरू झाली, की हातातला मोबाइल खिशात जातो. गणपतीत शुभेच्छांची एक पोस्ट पडते आणि पान तिथेच थांबते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील कृषी पर्यटन केंद्रे, खाणावळी, तांदूळ-मसाले विकणारे बचत गट अशा छोट्या धंद्यांची पाने पाहिली, तर हा नमुना पुन्हा पुन्हा दिसतो. मालक आळशी असतो असे नाही. त्याला दिलेला सल्लाच त्याच्या बेताचा नसतो. रोज पोस्ट करा, ट्रेंड पकडा, व्हायरल व्हा, हा सल्ला पूर्णवेळ माणसे ठेवणाऱ्या ब्रँडसाठी आहे. मग चार खोल्यांच्या किंवा दोन गिरण्यांच्या धंद्याने काय करावे? याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. मुरबाड तालुक्यातल्याच एका गावाने हा धडा देशाला आधीच दिला आहे.

धसईत काय घडले होते?

नोटाबंदीनंतर तीनच आठवड्यांनी, १ डिसेंबर २०१६ रोजी, मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले ‘कॅशलेस’ गाव म्हणून जाहीर झाले. तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत कार्यक्रम झाला. बँक ऑफ बडोदा आणि स्वातंत्र्यवीर सावरकर प्रतिष्ठान यांचा त्यात पुढाकार होता. व्यापाऱ्यांना कार्ड स्वाइप करण्याची यंत्रे देण्यात आली. आसपासच्या पाड्यांची बाजारपेठ असलेल्या या गावात देशभरचे कॅमेरे पोहोचले. वडापाव, भाजी, किराणा असे सगळे कार्डावर मिळते, अशा बातम्या झाल्या.

कॅमेरे निघून गेल्यावर मात्र नेटवर्कची रड सुरू झाली, यंत्रावरचे शुल्क डोळ्यांवर आले. दहा-वीस रुपयांच्या व्यवहारासाठी कार्ड घासणे ना दुकानदाराला परवडेना, ना गिऱ्हाइकाला सोयीचे वाटेना. नंतरच्या काळात वार्ताहर पुन्हा धसईला गेले, तेव्हा व्यवहार बऱ्याच अंशी रोखीवर परतल्याचे त्यांना दिसले.

पुढे गंमत अशी झाली, की ज्या गोष्टीसाठी एवढा समारंभ झाला, ती समारंभाशिवाय गावोगावी पोहोचली. आज रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवरही क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला असतो. त्याला भाडे नाही, चार्जिंग नाही, वेगळे शिकणे नाही. १ जानेवारी २०२०पासून यूपीआय व्यवहारांवरचे व्यापारी शुल्कही शून्य झाले. थोडक्यात, चालू ठेवायला कष्ट पडत होते ते यंत्र मागे पडले आणि काहीच करावे लागत नव्हते तो कागद टिकला.

याचा कंटेंटशी संबंध काय?

छोट्या धंद्याला आज कंटेंटच्या नावाखाली जे विकले जाते, ते बहुतेकदा स्वाइप यंत्र असते. महिन्याला बारा रील, आठ ग्राफिक, चार सणांच्या शुभेच्छा असे ‘पॅकेज’ घेतले जाते. पैसे असेपर्यंत ते चालते. पुतण्याची परीक्षा जवळ आली किंवा त्याला कल्याणला नोकरी लागली, की बंद पडते. छोट्या धंद्याला गरज आहे ती क्यूआरच्या कागदाची. एकदा नीट करून ठेवलेला, कमी देखभालीचा आणि मालक शेतात असतानाही काम करणारा मजकूर त्याला हवा.

मुळात कंटेंट म्हणजे फक्त रील नव्हे. गिऱ्हाईक घरातून निघण्याआधी तुमच्याबद्दल जे काही पाहते, वाचते, ऐकते ते सगळे कंटेंट. गुगल मॅपवरचा ठिपका, दुकान उघडण्याची वेळ, खोलीचा खरा फोटो, दरपत्रक, फोनवर मिळणारे उत्तर, तांदळाच्या पिशवीवरची चिठ्ठी हे सगळे त्यात आले. यातले निम्मे चुकीचे असेल, तर पन्नास रील टाकूनही गिऱ्हाईक वाटेत हरवते.

शहापूर-मुरबाडमध्ये हा प्रश्न आताच का?

याची पहिली बाजू रस्त्याची आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. हा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो. जुन्या मुंबई-नाशिक महामार्गावर ढाब्याची पाटी पाहून गाडी थांबायची. समृद्धीवर असे मध्येच थांबता येत नाही. ठरवलेल्या ठिकाणीच गाडी खाली उतरते. प्रवाशाने ते ठिकाण घरी बसूनच निवडलेले असते. म्हणजे पाटी आता रस्त्यावर नाही, मोबाइलवर आहे.

दुसरी बाजू हंगामाची. माहुलीगड, अशोका धबधबा, माळशेज घाट, गोरखगड यांच्या आधाराने चालणारे बरेच धंदे पावसाळ्याच्या चार महिन्यांवर उभे आहेत. उरलेल्या आठ महिन्यांत काय, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. शेतमालाचेही तसेच. भात एकदाच येतो, शेवळे पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस मिळतात, कंटोली श्रावणापर्यंत. विकण्याची वेळ आणि शेतात राबण्याची वेळ नेमकी एकच. त्यामुळे या तालुक्यांतला कोणताही आराखडा जुलैच्या चिखलात टिकतो का, या एकाच कसोटीवर तपासायला हवा.

व्हायरल झाले तर बिघडले कुठे?

बिघडते ते दोन ठिकाणी. एक जागेचे. धबधब्यावरची एखादी रील लाखो जणांपर्यंत गेली, की पुढच्या रविवारी वाहने, बाटल्या आणि हुल्लडबाजी यांची रांग लागते. अपघात होतात. मग जिल्हा प्रशासनाला प्रतिबंधात्मक आदेश काढावे लागतात. ठाणे जिल्ह्यात पावसाळी पर्यटनस्थळांवर असे आदेश अनेकदा निघाले आहेत. गर्दीमुळे वाट बंद झाली, की फटका बसतो तो वाटेवरच्या खाणावळीला आणि नियमाने चालणाऱ्या शेतघराला. ज्या धबधब्याच्या जिवावर आपण जाहिरात केली, तोच बंद झाल्यावर आपल्याकडे दाखवायला काही उरत नाही.

दुसरे बिघडते ते हिशेबाचे. समजा, चार खोल्यांचे शेतघर आहे. वर्षातल्या ५२ आठवड्यांत शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री सगळ्या खोल्या भरायच्या, तर एकूण ४१६ खोली-रात्री होतात. प्रत्येक कुटुंब दोन रात्री राहिले, तर २०८ बुकिंग. तेच कुटुंब वर्षातून दोनदा आले, तर गरज फक्त १०४ कुटुंबांची. म्हणजे ज्या धंद्याला वर्षभर पुरतील अशी जेमतेम शंभर घरे हवीत, तो लाखभर अनोळखी लोकांच्या मागे धावतो आहे. लाखभर लोकांनी पाहिले आणि त्यातल्या पाचशे जणांनी एकाच शनिवारी फोन केले, तर मालक चारशे शहाण्णव जणांना नाही म्हणणार. त्यातले किती पुन्हा फोन करतील?

सगळ्या धंद्यांना एकच औषध चालते का?

नाही. आणि याचे उत्तम उदाहरण शहापूरमध्येच आहे. इथल्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेच्या आधाराने गुळवेल गोळा करून विकण्याचा व्यवसाय उभा केला. सुरुवात स्थानिक बाजारापासून झाली. करोनाकाळात गुळवेलीला मागणी वाढली आणि २०२१ मध्ये केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने या गटाला औषध कंपन्यांकडून १.५७ कोटी रुपयांच्या मागण्या मिळाल्याची माहिती दिली.

टनावारी गुळवेल घेणारी कंपनी रील पाहून निर्णय घेत नाही. माल किती वाळलेला आहे, दर महिन्याला किती देऊ शकता, गोळा करण्याची परवानगी आणि कागदपत्रे आहेत का, पैसे कोणत्या खात्यात द्यायचे, एवढेच ती विचारते. अशा धंद्याचे उत्तम कंटेंट म्हणजे दोन पानांचे नीट माहितीपत्रक आणि मालाचे चार स्पष्ट फोटो. हीच गुळवेल पावडर करून घरगुती गिऱ्हाइकाला विकायची असेल, तर कंटेंट वेगळे लागेल. त्यामुळे ‘काय पोस्ट करू?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘माझे गिऱ्हाईक कोण?’ हा आहे.

दुसऱ्याच्या जागेत घर बांधण्याचा धोका कोणता?

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. ज्यांनी दोन-तीन वर्षे राबून तिथे लाखभर अनुयायी जमवले होते, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाचाही फोन नंबर नव्हता. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. मार्च २०२४ मध्ये गुगलने बिझनेस प्रोफाइलवरून मोफत तयार होणारी छोटी संकेतस्थळे बंद केली. यात कुठेही दुकानदाराची चूक नव्हती. जागाच त्याची नव्हती.

याचा अर्थ ही माध्यमे वापरू नयेत असा नाही. ती बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या ओट्यासारखी आहेत. ओटा चांगला, गर्दी चांगली. पण ओळख झालेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता आपल्या वहीत हवा. ही वही म्हणजे नाव, मोबाइल क्रमांक, गाव आणि शेवटची खरेदी यांची यादी. गिऱ्हाइकाला विचारून, त्याची हरकत नसेल तरच क्रमांक घ्यायचा. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ क्रमांक बसतात आणि तुमचा नंबर ज्याने जतन केला आहे त्यालाच संदेश जातो. ही मर्यादा वाटते, पण छोट्या धंद्यासाठी ती चाळणी आहे. वर हिशेब केलेली १०४ कुटुंबे या एकाच यादीत सहज मावतात.

आठवड्याच्या दोन तासांत काय बसते?

आधी एकदाच करायचे काम. त्याला एखादा पूर्ण रविवार द्यावा. गुगल बिझनेस प्रोफाइल तपासायचे. ठिपका खरोखर आपल्याच फाटकावर आहे का, वेळ बरोबर आहे का, फोन चालू आहे का, हे पाहायचे. मग गेल्या हंगामात गिऱ्हाइकांनी फोनवर विचारलेले दहा प्रश्न आठवून लिहायचे. शेतघरासाठी ते साधारण ठरलेले असतात. आसनगाव स्टेशनवरून रिक्षा मिळते का? कल्याणहून एसटी कोणत्या फाट्यावर सोडते? शौचालय खोलीतच आहे का? जेवणात मांसाहार मिळतो का? पावसात गाडी दारापर्यंत येते का? वयस्कर माणसांना चढ आहे का? आगाऊ रक्कम किती, आणि रद्द केले तर परत किती?

या दहा प्रश्नांची प्रत्येकी तीन-चार ओळींत खरी उत्तरे लिहिली, की वर्षभराच्या कंटेंटचा पाया तयार झाला. तीच उत्तरे व्हॉट्सॲप बिझनेसमधील ठरलेल्या उत्तरांत जातात, तीच पोस्ट होतात, तीच छापून भिंतीवर लागतात. टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या बाजूला जाताना नेटवर्क दगा देते, म्हणून रस्त्याची माहिती केवळ लिंक म्हणून न देता शब्दांत लिहून आदल्या दिवशीच पाठवावी. अमुक फाटा, तमुक शाळा, तिथून डावीकडे. ही चार वाक्ये कोणत्याही ड्रोन चित्रीकरणापेक्षा जास्त उपयोगाची आहेत. उत्तरे मराठीत लिहावीत. मुंबईहून येणाऱ्या इतर भाषकांसाठी दर आणि रस्ता तेवढा हिंदीतही ठेवावा.

त्यानंतर आठवड्याचे दोन तास. अर्धा तास नव्या अभिप्रायांना उत्तर देण्यासाठी, तक्रारीला तर आधी. अर्धा तास त्या आठवड्याचे तीन-चार फोटो निवडण्यासाठी. अर्धा तास एक पोस्ट किंवा स्टेटस लिहिण्यासाठी. उरलेला अर्धा तास जुन्या गिऱ्हाइकांपैकी पाच जणांना स्वतः संदेश पाठवण्यासाठी. आवणीच्या महिन्यात पोस्ट वगळली तरी चालेल. अभिप्रायांना उत्तर आणि फोन मात्र वगळू नये.

वर्षभर विषय आणायचे कुठून?

विषय आपल्या पंचांगातच आहेत. पावसाच्या तोंडावर शेवळे, मग आवणी, श्रावणात कंटोली, ऑगस्टमध्ये रानभाज्यांचे महोत्सव, दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी आणि झोडणी, नवा तांदूळ, पौष पौर्णिमेपासून भरणारी म्हसा यात्रा, मग आंबा, करवंद, जांभूळ. म्हशाच्या यात्रेत घोंगडी आणि बैल घ्यायला माणसे लांबून येतात. ती कुणा एका पोस्टमुळे येत नाहीत. ठरलेल्या तिथीला ठरलेली गोष्ट मिळणार, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा त्यांना आणतो. कंटेंटच्या भाषेत ज्याला सातत्य म्हणतात ते हेच. सातत्य म्हणजे रोज नव्हे. जे सांगितले ते त्या वेळेला हजर असणे. ‘नवा तांदूळ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पाच आणि दहा किलोच्या पिशवीत’ हा एक संदेश दर वर्षी त्याच सुमारास गेला, तर तिसऱ्या वर्षी गिऱ्हाईकच आधी विचारते.

शिवाय आठ महिन्यांचा रिकामा काळही याच पंचांगात भरतो. कापणी पाहायला शाळकरी मुलांसह येणारे कुटुंब धबधब्यासाठी येणाऱ्या गर्दीपेक्षा वेगळे असते. ते शांत असते, जास्त थांबते आणि जाताना तांदूळही नेते.

दावे करताना कुठे थांबायचे?

इथे हात आखडता घ्यावाच लागतो. गुळवेल किंवा रानभाजीने मधुमेह बरा होतो, असे लिहिणे हा कायद्याचा प्रश्न आहे. औषधे आणि जादूटोण्याच्या उपायांसंबंधीचा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा १९५४चा आहे आणि मधुमेहासारख्या आजारांवर उपचाराचा दावा करणाऱ्या जाहिरातींना तो मनाई करतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तांदळाचेही तसेच. शेजारच्या पालघर जिल्ह्यातील वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे नाव आपल्या पिशवीवर चिकटवण्यापेक्षा आपल्या गावाचे, आपल्या वाणाचे नाव आणि कापणीचा महिना लिहावा. उसन्या नावाने गेलेली पिशवी पुन्हा मागायला गिऱ्हाईक आपल्याकडे येत नाही.

हे काम कोणी करायचे?

ज्याचे हात धंद्यात आहेत, त्यानेच. पुतण्याने किंवा भाचीने सुरुवात करून द्यावी, पण खाते मालकाच्या क्रमांकावर आणि पासवर्ड घरातल्या दोघांकडे असावा. बचत गट असेल, तर अध्यक्ष बदलला की क्रमांक बदलला असे होऊ नये; गटाचे वेगळे सिमकार्ड ठेवावे. एजन्सी नेमायचीच असेल, तर तिला दोन प्रश्न विचारावेत. काम थांबल्यावर फोटो आणि खाती कुणाच्या ताब्यात राहतील? आणि तुमच्याशिवाय हे सहा महिने चालेल असे काय करून द्याल? दुसऱ्या प्रश्नावर ती अडखळली, तर ती स्वाइप यंत्र विकते आहे असे समजावे.

मोजायचे काय?

डिजिटल डेस्कवर काम करणाऱ्या आम्हा लोकांसमोर दिवसभर आकडे हलत असतात. त्यामुळे एक गोष्ट अनुभवाने कळते. उड्या मारणारा आकडा आणि परत येणारा वाचक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धंद्यालाही तेच लागू आहे. किती जणांनी पाहिले हे नंतर. वहीत चारच रकाने पुरेत. या महिन्यात किती फोन आले, त्यातले किती गिऱ्हाईक झाले, किती जण दुसऱ्यांदा आले आणि प्रत्येकाला आपले नाव कुठून कळले. शेवटचा प्रश्न प्रत्येकाला तोंडी विचारायचा. सहा महिन्यांत दिसून येईल, की मेहनत कुठे जाते आहे आणि गिऱ्हाईक कुठून येते आहे.

पण शेजारचा रोज रील टाकतो, त्याचे काय?

हा आक्षेप खोटा नाही. नवे धंदे ओळखीसाठी धडपडतात आणि एखाद्या रीलने सुरुवातीची गर्दी मिळतेही. ज्याला रील करण्याची हौस आहे, जमते आणि वेळ आहे, त्याने जरूर करावी. आक्षेप आहे तो तिलाच आराखडा समजण्याला. रीलने माणूस एकदा फाटकापर्यंत येतो. पुढच्या वर्षी तो परत येतो ते खोली फोटोसारखी निघाली, दर सांगितला तोच लागला आणि जुलैत फोन केला तरी कुणीतरी उचलला म्हणून.

या दोन्ही तालुक्यांतली तरुण मुले आज रोज लोकलने किंवा एसटीने कल्याण-ठाण्याकडे कामाला जातात. त्यातली काही घरच्या जमिनीवर काही उभे करू पाहत आहेत. कर्ज काढून बांधलेल्या चार खोल्या दोन हंगामांत बंद पडल्या, तर ती पुन्हा त्याच गाडीत बसतील. त्यांना व्हायरल होण्याचे स्वप्न विकण्यापेक्षा शंभर घरांची वही भरायला शिकवणे जास्त मोलाचे आहे. धसईच्या दुकानदारांना यंत्र देताना कुणी विचारले नव्हते, की हे सहा महिन्यांनी चालवणार कोण? पुढची रील टाकण्याआधी हा प्रश्न आपणच आपल्याला विचारायला हवा.